शंभराचे बारा कसे झाले? इंटरनेटच्या बिलाची भाषा

गेल्या वर्षी विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही तालुक्याच्या एका गावातील माध्यमिक शाळेत गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर चहा घेताना मुख्याध्यापिका बाईंनी एक कागद आमच्यापुढे ठेवला. तो तक्रारअर्ज होता. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या वर्गणीतून शाळेने संगणक कक्षासाठी इंटरनेटची जोडणी घेतली होती आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. 'शंभर एमबीपीएसचा वेग देऊ असे सांगून प्रत्यक्षात बारासुद्धा दिले जात नाहीत, ही सरळसरळ फसवणूक आहे,' असे अर्जात लिहिले होते. पुरावा म्हणून बाईंच्या खोलीतील संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र जोडले होते. त्यात एक मोठी फाईल उतरवून घेतली जात होती आणि खाली आकडा दिसत होता : ११.८ एमबी प्रति सेकंद.

"सर, तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुमची सही असली की अर्जाला वजन येईल," बाई म्हणाल्या.

आम्ही सही केली नाही. मात्र अर्ज फाडून टाका, असेही सुचवले नाही. कारण अर्जातील पुरावा चुकीचा असला, तरी मुलांचे धडे अडखळत होते हे खरे होते. चुकीच्या पुराव्यावर उभी असलेली तक्रार पुरवठादार एका वाक्यात उडवून लावतो आणि तिच्याबरोबर खरी तक्रारही बुडते. म्हणून त्या दुपारी आम्ही, विज्ञानाचे दोन शिक्षक आणि नववीतील सात-आठ मुले असे बिल घेऊन बसलो. त्या बैठकीत जे उलगडत गेले, ते इतर शाळांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

बिट आणि बाइट

संगणकातील माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. त्याचे मूल्य शून्य किंवा एक असते. आठ बिटांचा एक बाइट होतो. रोमन लिपीतील एक अक्षर साठवायला साधारणपणे एक बाइट लागतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ आणि पुन्हा काना अशी चार चिन्हे आहेत. म्हणजे हा शब्द बारा बाइटांचा, अर्थात ९६ बिटांचा झाला.

तारेतून माहिती एकामागून एक बिटांच्या रूपात धावते. त्यामुळे दूरसंचाराचा धंदा करणारे पहिल्यापासून बिट मोजत आले. संगणकाच्या तबकडीवर माहिती साठवणारे मात्र बाइट मोजतात. दोन व्यवसायांची ही दोन मापे एकाच पडद्यावर येऊन भेटली आणि घोटाळा झाला. रोमन लिपीत लहान 'बी' लिहिला की बिट आणि मोठा 'बी' लिहिला की बाइट, असा संकेत आहे. आपण बोलताना दोन्हींना 'एमबी'च म्हणतो आणि देवनागरीत लिहिताना तर लहान-मोठ्याचा भेद उरतच नाही.

मेगा म्हणजे दहा लाख. शाळेला कबूल केलेला वेग सेकंदाला १०० मेगाबिट होता. त्याला आठने भागले की १२.५ मेगाबाइट येतात. पडद्यावर ११.८ दिसत होते. मग मधले ०.७ कुठे गेले?

इंटरनेटवरून माहिती सलग जात नाही. तिचे छोटे-छोटे गठ्ठे करून पाठवतात. एका गठ्ठ्यात बहुधा १५०० बाइट मावतात. त्यापैकी ४० बाइट पत्ता, क्रमांक इत्यादी मजकुरासाठी खर्च होतात आणि १४६० बाइट आपल्या कामाचे उरतात. तारेवर चढताना या गठ्ठ्याला आणखी ३८ बाइटांचे वेष्टन लागते. म्हणजे १५३८ बाइटांची जागा अडते, तेव्हा आपल्या पदरात १४६० पडतात. पोस्टात पत्राचे वजन करताना पाकीटही तोलले जाते, तसाच हा प्रकार. हे प्रमाण सुमारे ९५ टक्के येते आणि १२.५ चे ९५ टक्के म्हणजे ११.९. तेव्हा ११.८ हा आकडा पुरवठादाराने शब्द जवळजवळ पुरा पाळल्याचा पुरावा होता! काही प्रणाली एक मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट असे धरतात. तसे असेल तर हाच वेग ११.३ च्या आसपास दिसतो. त्यानेही घाबरून जाऊ नये.

हा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. बाईंनी अर्ज मुकाट्याने घडी करून बाजूला ठेवला. "मग संगणक कक्षात व्हिडिओ का अडकतात?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि तोच खरा प्रश्न होता.

वेग की रुंदी?

त्याकडे वळण्याआधी 'वेग' हा शब्द तपासून पाहू. पन्नासच्या योजनेतील बिट सावकाश आणि शंभरच्या योजनेतील बिट भरधाव पळतात, असे नसते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, योजना कोणतीही असो. योजनेनुसार बदलते ती दर सेकंदाला आत सोडल्या जाणाऱ्या बिटांची संख्या. म्हणून एमबीपीएस हे रस्त्याच्या रुंदीचे माप आहे असे म्हणणे जास्त योग्य ठरेल.

प्रवासाला लागणारा वेळ ही वेगळी राशी आहे. चाचणी घेताना पडद्यावर 'पिंग' या नावाने ती मिलिसेकंदांत दिसते. हजार किलोमीटर काचतंतूतून जायला प्रकाशाला पाच मिलिसेकंद लागतात, परत यायला तेवढेच. वाटेतील यंत्रांमुळे यात भर पडते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही वर जाऊन खाली येणार. अशा सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरांच्या फेरीला प्रकाशालाही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अशा जोडणीवर ध्वनिमुद्रित धडा छान दिसेल, पण प्रश्नोत्तरे करताना दोघेही एकाच वेळी बोलू लागतील. रुंदी वाढवून हा दोष जात नाही. त्यासाठी उपग्रहच खाली आणावा लागतो. काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या मालिका त्यामुळेच उभारल्या गेल्या.

पैसे कशाचे मोजतात?

भारतात संशोधन संस्थांचे एर्नेट नावाचे जाळे १९८६ साली आकाराला येऊ लागले. आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था त्यात होत्या. सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. ही जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होई. मोडेम किंचाळत क्रमांक फिरवी आणि तेवढा वेळ घरचा दूरध्वनी अडकून पडे. शुल्क तासांवर असे आणि दूरध्वनीच्या कॉलचे पैसे निराळे. अडकून पडणारी वस्तू म्हणजे दूरध्वनीची ओळ होती, म्हणून मोजमाप वेळेचे होते.

मोडेमचा वेग ५६ किलोबिटांच्या पुढे का गेला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. दूरध्वनी केंद्रात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत मांडतात. आठ हजार गुणिले आठ म्हणजे ६४ हजार बिट. त्या वाटेवरून यापेक्षा जास्त काही जाणे शक्यच नव्हते.

त्यानंतर त्याच तांब्याच्या तारेवर डीएसएल आले. मानवी आवाजासाठी दूरध्वनीला सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंतची पट्टी पुरते. तिच्या वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतची मोकळी पट्टी माहितीसाठी वापरली गेली. त्यामुळे बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. ओळ आता अडत नव्हती, तेव्हा तासांचा हिशेब मागे पडला आणि किती माहिती उतरवली याचा हिशेब सुरू झाला. आज काचतंतूच्या जोडणीत मुख्यतः रुंदीचे पैसे घेतात आणि माहितीवर एक मर्यादा ठेवतात. जी वस्तू दुर्मिळ असते तिचीच किंमत लावली जाते, हे या तीन टप्प्यांतून चांगले दिसते.

'ब्रॉडबँड' म्हणजे तरी किती रुंद? ही व्याख्या सरकार ठरवते. २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट प्रति सेकंद ही अट होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. तेव्हा जाहिरातीत केवळ 'ब्रॉडबँड' असे लिहिले असेल, तर त्यातून फारसे काही कळत नाही.

पुरवठादार कोण आणि वाटेकरी किती?

आपल्या गावात तार ओढून देणारा बहुधा ओळखीचा केबलवाला असतो. त्याच्यामागे परवानाधारक पुरवठादार असतो. १९९८ साली खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले, तेव्हा परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले : सर्व देशासाठी अ, दूरसंचाराच्या एका परिमंडळासाठी ब आणि जिल्ह्याएवढ्या लहान क्षेत्रासाठी क. लहान पुरवठादार मोठ्याकडून ठोक भावाने क्षमता विकत घेतो. देशातल्या देशात जाणारी माहिती पुरवठादारांनी परदेशी न पाठवता इथेच एकमेकांना द्यावी, यासाठी २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली. परदेशी जाणारी वाट मुख्यतः समुद्राखालच्या केबलींतून जाते. मुंबई, चेन्नई, कोची ही त्यांची बंदरे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेटही मंदावले होते.

काचतंतूच्या घरगुती जोडणीत बहुधा जीपॉन ही पद्धत असते. केंद्रातून एक तंतू निघतो. वाटेत खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डबीत एक विभाजक बसवतात. तो वीज न वापरता प्रकाशाचे ३२ किंवा ६४ भाग करतो. मुख्य तंतूची क्षमता येताना सेकंदाला २४८८ मेगाबिट आणि जाताना १२४४ मेगाबिट असते. बत्तीस ग्राहकांत २४८८ समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ येतात. मग शंभर कबूल कसे करतात?

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. शाळेत पाचशे मुले असली, तरी वाचनालयात चाळीसच खुर्च्या असतात. सगळी मुले एकाच वेळी वाचायला बसत नाहीत, म्हणून चाळीस खुर्च्या पुरतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र पुरत नाहीत. इंटरनेटचेही तसेच. एका रुंदीवर किती ग्राहक बसवले, त्या गुणोत्तराला कंटेन्शन रेशो म्हणतात. हा आकडा विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे, पण विचारतो क्वचितच कोणी. जिथे वाटेकरी अजिबात नसतात, एकास एक रुंदी राखून ठेवलेली असते, ती 'लीज्ड लाइन'. ती अनेक पटींनी महाग असते आणि शाळेला तिची गरज नसते. जाहिरातीत 'शंभरपर्यंत' असे लिहिलेले असते. त्यातील 'पर्यंत' या शब्दात ही सगळी वाटणी दडलेली आहे.

भिंत आणि मर्यादा

आता संगणक कक्षाकडे वळू. तिथे वीस संगणक होते. इंटरनेटची पेटी मात्र बाईंच्या खोलीत होती आणि मध्ये दोन जाड दगडी भिंती. सर्व संगणक वायफायने जोडलेले. मुलांनी मोजून पाहिले. पेटीला तारेने जोडलेला संगणक ९३-९४ मेगाबिट दाखवत होता. कक्षातल्या सगळ्या संगणकांना मिळून विसाच्या आसपास मिळत होते. वायफाय म्हणजे वर्गातले बोलणे आहे. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. त्यातून भिंतीमुळे आवाज क्षीण झाला, की प्रत्येक जण सावकाश आणि पुन्हा पुन्हा बोलतो आणि इतरांचा खोळंबा होतो. पुरवठादाराची तार इथे निर्दोष होती.

यावर उपाय स्वस्त होता. कक्षापर्यंत तार ओढायची आणि तिथे एक स्विच बसवून वीसही संगणक तारेने जोडायचे. अशा तारेचा एक तुकडा शंभर मीटरपर्यंत चालतो आणि इथे तर तीस मीटरही लागणार नव्हते.

पण मुलांपैकी एकीने नोंदवहीतला आणखी एक आकडा दाखवला. महिन्याच्या साधारण विसाव्या तारखेनंतर बाईंच्या खोलीतही वेग दोन मेगाबिटांवर येत होता. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कारण सापडले. योजना 'अनलिमिटेड' होती, पण ३०० जीबी वापरल्यावर उरलेला महिना २ एमबीपीएस वेग मिळणार होता. याला 'फेअर यूसेज पॉलिसी' म्हणतात, म्हणजे वाजवी वापराचे धोरण.

हिशेब करून पाहू. कक्षात सेकंदाला २० मेगाबिट येत असतील, तर चाळीस मिनिटांच्या तासिकेत, म्हणजे २४०० सेकंदांत, ४८,००० मेगाबिट येतात. आठने भागले की ६००० मेगाबाइट, म्हणजे ६ जीबी. दिवसाला तीन तासिका धरल्या तर १८ जीबी. तीनशे जीबी सतरा दिवसांत संपतात. रविवार जमेला धरले की विसावी तारीख येते! त्यानंतर दोन मेगाबिट वीस संगणकांत वाटले, की प्रत्येकाला १०० किलोबिट मिळतात. हे दोन जुन्या मोडेमांएवढेही नाहीत.

इथे एक गंमत लक्षात आली. भिंतीचा दोष काढून टाकला, तर प्रत्येक संगणकावर अडीच मेगाबिटांचा व्हिडिओ बिनअडथळा चालेल. म्हणजे एकूण ५० मेगाबिट, तासिकेला १५ जीबी, दिवसाला ४५ जीबी. मर्यादा सात दिवसांतच संपेल. एक दोष दूर केला की त्याच्यामागे लपलेला दुसरा पुढे येतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे.

यावर विज्ञानाच्या सरांनी सुचवलेला उपाय आम्हाला सर्वांत आवडला. वीस मुलांना एकच धडा पाहायचा असेल, तर तो वीस वेळा कशाला मागवायचा? निर्माता अनुमती देत असेल, तर तो एकदाच उतरवून कक्षातल्या एका संगणकावर ठेवावा आणि तिथून सगळ्यांना द्यावा. नाही तर पडद्यावर प्रक्षेपित करून एकत्र पाहावा. मग १५ जीबीऐवजी पाऊण जीबी खर्च होईल.

बिलातील ओळी

आता पैशांकडे वळू. आकडे सोपे करून घेतले आहेत. योजना सातशे रुपये महिना, असे शाळेत सगळ्यांच्या लक्षात होते. बारा महिन्यांचे ८,४०० रुपये. प्रत्यक्षात वर्गणीतून गेले १६,१३२. फरक कुठे पडला?

सातशेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२६. महिना ८२६, वर्षाचे ९,९१२. जाहिरातीतला आकडा बहुधा कर सोडून दिलेला असतो. पेटीचे भाडे महिना ५० अधिक कर, वर्षाचे ७०८. जोडणी बसवण्याचे एकदाच १,००० अधिक कर, म्हणजे १,१८०. अनामत १,५००. ही परत मिळणारी रक्कम आहे, तेव्हा पावती जपून ठेवायला हवी आणि तिच्यावर 'परतावा' हा शब्द आहे का, तेही पाहायला हवे.

शेवटची ओळ होती 'स्टॅटिक आयपी', महिना २०० अधिक कर, वर्षाचे २,८३२. हे काय असते? इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा आहे. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे सुमारे ४३० कोटी. जगाच्या लोकसंख्येहून हे पत्ते कमी आहेत. म्हणून पुरवठादार एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतो, एका चाळीच्या पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे राहावीत तसे. १२८ बिटांची नवी पद्धत आली आहे, पण जुनीही सोबत चालूच आहे. ज्यांना बाहेरून कोणी आपल्या यंत्राशी थेट संपर्क साधायला हवा असतो, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचे सर्व्हर असतात, त्यांना कायमचा वेगळा पत्ता लागतो. शाळेला फक्त बाहेरचे पाहायचे होते. विकणाऱ्याने 'शाळेला हे लागतेच' असे सांगितले आणि कोणी का असे विचारले नाही. इतक्या पैशांत कक्षात ओढायच्या तारेचा खर्च निघाला असता.

एक सूचना अर्जांविषयीही. शिष्यवृत्तीचे फॉर्म किंवा यू-डायसची माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा आपण आपल्या जोडणीला दोष देतो. तीनशे मुलांची ५० किलोबाइटांची छायाचित्रे पाठवायची, तरी एकूण १५ मेगाबाइटच होतात. दोन मेगाबिटांच्या जोडणीवरही हे काम एका मिनिटाचे आहे. त्या दिवशी गर्दी पलीकडच्या टोकाला असते. महागडी योजना घेऊन ती कमी होत नाही.

तक्रार कशी करावी?

मुलांनी पुढचे तीन आठवडे मोजमाप केले. नियम साधे होते. संगणक तारेने जोडायचा, बाकीचे सगळे बंद ठेवायचे, सकाळ, दुपार आणि शाळा सुटताना प्रत्येकी तीन वेळा चाचणी घ्यायची आणि तीन आकड्यांतला मधला आकडा लिहायचा. येणारा वेग, जाणारा वेग आणि पिंग असे तीन रकाने. तारीख आणि वेळ न चुकता.

दुसरा अर्ज मग चार ओळींचा झाला. 'विसाव्या तारखेपर्यंत कबूल केलेला वेग मिळतो. नंतर तो दोन मेगाबिटांवर येतो. ही मर्यादा विक्रीच्या वेळी आम्हाला सांगितली नव्हती. स्थिर पत्त्याची आम्हाला गरज नाही, तो बंद करावा.' सोबत तक्ता. 'फसवणूक' हा शब्द त्यात नव्हता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पुरवठादारांना दिलेला निर्देश मात्र नमूद केला होता. मर्यादा किती, तिच्याआधीचा वेग किती आणि नंतरचा किती हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे आणि मर्यादेनंतरही वेग ५१२ किलोबिटांच्या खाली नेऊ नये, असा तो निर्देश आहे. तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घेतला. तो नसला, तर पुढे काहीच करता येत नाही. पुरवठादाराने दाद दिली नाही, तर २०१२ च्या विनियमांनुसार त्याच्याकडच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य जाता येते. त्यापुढे ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

तेवढे करण्याची वेळ आली नाही. पुरवठादाराचा माणूस आला, त्याने तक्ता पाहिला आणि उरलेल्या महिन्यांसाठी त्याच शुल्कात मर्यादा वाढवून दिली. स्थिर पत्ता पुढे बंद झाला, पण त्याचे आधी गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. तार एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ओढून दिली.

आपल्या शाळेतही हे करून पाहा. बिल फळ्यावर लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न मांडा : हे कशाचे माप आहे, त्याचे एकक कोणते आणि आपल्याला त्याची गरज आहे का? नववीच्या मुलांना एवढे गणित सहज येते. वर्गणी देणाऱ्या पालकांपुढे तो तक्ता ठेवला, तर त्यांचे पैसे कुठे गेले हे त्यांनाही दिसेल. बाईंनी पहिला अर्ज अजून जपून ठेवला आहे. एकके शिकवताना तो वर्गात काढतात आणि चूक कुठे आहे ते मुलांना शोधायला सांगतात.